न गोठणारं रक्त

नलूच्या धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी पेशंट तपासत होतो. समोर एक आजोबा जीभ बाहेर काढून बसलेले. "वसंतदादा, नलू गेली," एवढंच सुमन म्हणाली. मी काय बोललो ते आठवत नाही. आजोबांना जीभ आत घ्या म्हणायचं मात्र राहून गेलं. बऱ्याच वेळाने लक्ष गेलं तर ते बिचारे तसेच बसून होते...

डोंबिवलीतल्या नलूच्या बिल्डिंगला दोन दिवस पाणी नव्हतं. टँकरवाल्याने अर्धा टँकर शेजारच्या सोसायटीत रिकामा केला, हे गॅलरीतून दिसल्यावर ती खाली उतरली. त्याची कॉलर धरली, आणि उरलेलं पाणी टाकीत पडेपर्यंत सोडली नाही. मग जिने चढून वर आली, सुमनला म्हणाली, "चहा टाक, साखर जास्त," आणि खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली. चहा उकळेपर्यंत सगळं संपलं होतं. स्मशानात सुमनने मला तो टँकरवाला दाखवला. अगदी मागे, बुटांशिवाय उभा होता. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली, त्यात एक वक्ते म्हणाले, "डॉ. नलिनी पेठकर अत्यंत मृदू स्वभावाच्या होत्या." मी सुमनकडे बघितलं, तिने माझ्याकडे. त्या दिवसांत पहिल्यांदाच आम्हाला दोघांना हसू आलं.

मृदू? ठाण्यात, कोपरीतल्या तिच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलेल्या कुणालाही विचारा. रिपोर्टात जरा बरे आकडे घाला म्हणणाऱ्या एका एजंटाला तिने काचेच्या नळ्यांचं अख्खं स्टँड फेकून मारलं होतं, आणि काच गोळा करायला त्यालाच लावलं होतं. पण रुग्णाच्या दंडाला रबर बांधताना तिची बोटं इतकी हलकी व्हायची, की पोरं रडायची विसरायची. बाईंचं हे कोडं लोकांना कधी सुटलं नाही. मला ते थोडंफार सुटलं असेल तर त्याचं कारण आम्ही दोघांनी मिळून पाहिलेलं एक मरण.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही दोघं नुकतेच परीक्षा पास झालेलो आणि कल्याणपलीकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात नेमणुकीवर होतो. गवत कापणाऱ्या एका तरुण बाईला घोणस चावलेली. नवऱ्याने तिला पाठीवर टाकून आणलं. घोणशीचं विष रक्तावर जातं. माणसाचं रक्त गोठायचंच विसरतं. पायावर दातांच्या दोन खुणा होत्या, तिथून रक्त थांबत नव्हतं. मग आम्ही सुई टोचली तिथून यायला लागलं, मग हिरड्यांतून. नलूने तिचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. कुणाचंही चांगलं रक्त थोड्या वेळात दह्यासारखं लागतं, नळी आडवी केली तरी हलत नाही. तिने नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहून आलं. होती नव्हती ती सगळी विषावरची लस आम्ही दिली. पायाची सूज थोडी उतरली, बाई पाणी मागायला लागली. मला वाटलं, वाचली. नलूने पुन्हा नळी भरली, पुन्हा आडवी केली. "वसंता, अजून पाणीच आहे रे," ती म्हणाली. जीप लस आणायला गेली होती. ती परत यायच्या आत त्या बाईने एकदम डोकं धरलं, एक किंकाळी फोडली, आणि तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या झाल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

नवऱ्याच्या कमरेला कोयता होता. त्याने तो उपसला आणि नलूच्या समोरच्या टेबलावर घातला. पातं लाकडात घुसलं, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. मी भिंतीला चिकटलो होतो. नलूने हात मागे घेतला नाही. म्हणाली, "लस कमी पडली. अजून हवी होती, आमच्याकडे नव्हती. तुझी बायको त्याने गेली. तू उशीर केला नाहीस." तो माणूस कोयत्याची मूठ धरून तसाच खाली बसला आणि ओरडायला लागला. ते रडणं नव्हतं, नुसतं ओरडणं... ती त्याच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. त्यानंतर काही महिन्यांतच तिने पॅथॉलॉजी घ्यायचं ठरवलं. सगळे म्हणाले, एवढी धडाडीची मुलगी सूक्ष्मदर्शकामागे कशाला जाऊन बसते? मला ती खिडकीतली नळी आठवली.

मी पुढे ठाण्यात छोटं हॉस्पिटल काढलं, तिने कोपरीत लॅब. तेवढ्यात हार्ट अॅटॅकसाठी रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधं आपल्याकडे आली. सलाइनमधून औषध सोडायचं आणि हृदयाची बंद झालेली वाट उघडते का बघायचं. आम्ही फिजिशियन मंडळी हरखून गेलेलो. नलूने माहितीपत्रक वाचलं, टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "ही बाटलीत भरलेली घोणस आहे, वसंता. गुठळी विरघळवणारं औषध कुठली गुठळी चांगली, कुठली वाईट ते बघत नाही. तू देणार असशील तर मला बोलाव. मी नळी धरून शेजारी बसणार." आणि ती खरंच येऊन बसायची. आधी रक्त किती वेळात गोठतं ते बघायची, औषध सुरू झाल्यावर पुन्हा पुन्हा बघायची, सुईची जागा, हिरड्या, लघवीचा रंग, सगळ्यावर नजर. लॅबमधल्या मोठ्या चाचण्या ती करायचीच, पण त्यांचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस जाऊ शकतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. काही डॉक्टरांना ही बाई पलंगापाशी नको वाटायची. मी मात्र ती आल्याशिवाय औषध सुरू करायचो नाही.

अर्धांगवायूसाठी ते औषध द्यायला मात्र सगळेच घाबरायचे. मेंदूतली गुठळी विरघळली तर माणूस उठून बसेल, आणि रक्तस्राव झाला तर तासाभरात खलास. पुस्तकंसुद्धा तेव्हा ठामपणे काही सांगत नव्हती. नव्वदीची पहिली काही वर्षं उलटली असतील. एका सकाळी बाळकुमहून एक टेम्पो माझ्या दारात येऊन थांबला. त्यात धर्माशेट आडवा पडलेला. पिढ्यान् पिढ्या तिथे भातशेती केलेल्या घरातला, साठीचा, पहाडासारखा माणूस. उजवा हात, उजवा पाय लुळा, तोंड वाकडं, वाचा गेलेली. नाडी हाताला वेडीवाकडी लागत होती, म्हणजे गुठळी हृदयातून सुटून मेंदूत जाऊन बसली असणार. मागोमाग रिक्षातून त्याचा धाकटा भाऊ काशिनाथ आला, डोक्यावर कोयत्याचा वार, सदरा रक्ताने अंगाला चिकटलेला. खाडीलगतच्या जमिनीला बिल्डरचं गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्या सकाळी दोन भावांची घरं कुंपणावरून एकमेकांवर तुटून पडली होती. जवळचं हॉस्पिटल माझंच, म्हणून दोन्ही पार्ट्या एकाच पॅसेजमध्ये. आत पाऊल टाकल्याबरोबर पुन्हा जुंपली. सलाइनचे स्टँड उपसून लोक एकमेकांना मारत होते. आमच्या वॉर्डबॉयचे दोन दात पडले. एका सिस्टरने ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे दडून पोलिसांना फोन लावला.

धर्माशेटचा मोठा मुलगा बळीराम माझ्यासमोर उभा राहिला. हातावर काकाचं रक्त वाळलेलं. "काकानं बापाच्या डोक्यात पहार घातली. लिवून घ्या, डाक्टर. पहार." मी डोकं चाचपलं, केसांत जखम दिसली नाही, टेंगूळ नाही. पण मार लागला की वर खूण उमटतेच असं नाही. ठाण्यात नुकतंच सीटी स्कॅनचं केंद्र निघालं होतं, तिथे पोलिसांच्या गाडीतून त्याला नेऊन आणलं. मेंदूत रक्त नव्हतं. म्हणजे औषध देता येत होतं... फक्त डोक्यावर खरंच पहार बसली असेल, तर तेच औषध त्याला मारणार होतं. सीटीत न दिसणारी बारीकशी चीरसुद्धा पुरली असती. वेळ चालला होता. मी नलूला बोलावून घेतलं.

ती आली ती सरळ काशिनाथकडे गेली. त्याच्या डोक्याला टाके घालत होते. "पहार घातलीस का भावाच्या डोक्यात? खोटं बोललास तर तो मरेल, आणि मग तू फासावर जाशील," तिने विचारलं.

काशिनाथने डोळे उघडले. "उचललेली, बाय. खोटा कशाला बोलू? घालनारच होतो. पन त्याचा हातच लोंबला, तोंड वाकरा झाला. मी पहार टाकली न त्याला धरायला गेलो. तवर पोरानं माझ्या डोक्यात कोयता घातला."

नलू पॅसेजमध्ये आली. धर्माशेटची बायको जनाबाई भिंतीला टेकून बसलेली, शेजारी तिची पोरं, सुना. नलूने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गुठळी विरघळवायचं औषध आहे. दिलं तर हा माणूस कदाचित पुन्हा बोलेल, चालेल, कदाचित रक्तस्राव होऊन आजच जाईल. पण डोक्याला मार लागला असेल तर द्यायचंच नाही, नक्की जाईल. "आता मला एकाने खरं सांगा. पहार बसली का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहार बसली म्हटलं तर काकावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, जमीन आपली. नाही म्हटलं तर बापाला औषध. त्या पोरांच्या चेहऱ्यावर हा हिशेब अक्षरशः दिसत होता. बळीराम म्हणाला, "बसली. मी बघितली."

जनाबाई उठली. बाई ठेंगणी, मुलाच्या छातीला लागेल एवढी. तिने उजवा हात उचलला आणि बळीरामच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की त्याच्या ओठातून रक्त आलं. "माझ्यासमोर परला तो! कोनी हात नाय लावला त्याला. जागंपायी बाप मारतंस, मेल्या?" दुसरी मारली, तिसरी मारली. मग नलूचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाय, घाला तुमचा औषध. मेला तर माझा मेला."

औषध सुरू झालं. नलू स्टूल ओढून पलंगाशी बसली, नळ्या तिने एप्रनच्या खिशात ठेवल्या होत्या, भरलेली नळी मुठीत धरायची, अंगाच्या उबेत. पहिल्या दोन नळ्या गोठल्या, दुसरी जरा उशिरा. दुपार कलायला लागली आणि धर्माशेटचा उजवा अंगठा हलला. मग बोटं. घशातून "आ... आ..." असा आवाज निघाला. जनाबाईने पदर तोंडात कोंबला. दारात उभे असलेले लोक एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. आणि मला धर्माशेटच्या हिरडीवर लाल रेघ दिसली. पडताना खरचटलेला गुडघा, सकाळी सुकलेला, आता भळभळायला लागला. नलूने हातातली नळी आडवी केली. रक्त वाहून तिच्या मनगटावर आलं. पाणी.

"बंद," ती म्हणाली.

बळीरामने ते ऐकलं. दोन ढांगांत आत आला आणि त्याने तिचा गळा धरला. "हात हलतोय बापाचा! चालू ठेव! बंद केलास तर इथंच गाडीन!" मी मध्ये पडलो तर कुणीतरी मागून माझ्या दोन्ही कोपरांना घट्ट धरलं. नलूचा चेहरा आधी लाल, मग काळानिळा होत गेला, चष्मा गळून पडला. पण तिचा डावा हात सलाइनच्या नळीवरून चाचपडत चाचपडत थेंब आवरायच्या चाकापर्यंत गेला, आणि तिने ते चाक खाली ओढून बंद केलं. थेंब थांबले. त्याच क्षणी धर्माशेटला उलटी झाली, सगळी काळ्या-लाल रक्ताची. पलंग, चादर, बळीरामचा शर्ट, सगळीकडे. पोराचे हात आपोआप सुटले. नलू खोकत खोकत, बसल्या आवाजात ओरडली, "प्लाझ्मा आणा! धावा, गाढवांनो!" आणि जो मला धरून उभा होता, तोच रक्तपेढीकडे धावला.

ती संध्याकाळ आम्ही त्याच्या नाडीवर हात ठेवून काढली. रक्त गोठवणाऱ्या प्लाझ्माच्या पिशव्या चढल्या. ती नळी भरत होती, आडवी करत होती, ओतून देत होती. शेवटी एकदा तिने नळी आडवी केली आणि रक्त जागचं हललं नाही. तिने ती मला दाखवली. तिच्या गळ्यावर बोटांचे वण उमटले होते. बोलता येतच नव्हतं तिला.

धर्माशेट वाचला. पाय फरपटत का होईना चालायला लागला, तुटकं तुटकं बोलायला लागला. हात अर्धाच आला. पण पोरांनी तोवर पोलिसांत पहारीचा जबाब दिलेलाच होता, आणि तो काही त्यांनी मागे घेतला नाही. जबाबासाठी नलूला बोलावणं आलं तेव्हा तिने स्पष्ट लिहून दिलं की डोक्याला मार नव्हता. मग दोनच दिवसांनी, भर दुपारी, हॉकीस्टिक घेतलेली सहा-सात माणसं लॅबमध्ये घुसली. सूक्ष्मदर्शक फोडला, फ्रीज आडवा केला, काचेचं कपाट तिच्या अंगावर लोटलं. मी पोहोचलो तेव्हा ती काचांच्या खचात भिंतीला टेकून बसली होती, खांदा निखळलेला, कानामागून रक्त गळ्यात उतरत होतं. मी रुमाल दाबायला गेलो तर माझा हात बाजूला करून तिने बोट लावून बघितलं. "गोठतंय," म्हणाली, आणि शुद्ध हरपली.

तिच्या बहिणीने, मी, सगळ्यांनी तिला विनवलं की कोर्टात जाऊ नकोस. धमक्या येत होत्या. कुणीतरी दारात मेलेलं कुत्रं टाकून गेलं. ती गेली. खांदा पट्ट्यात बांधून साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलांनी विचारलं, जखम दिसली नाही म्हणजे मार लागलाच नाही, हे कशावरून? नलू म्हणाली, "साहेब, त्या औषधाने त्या दिवशी त्या माणसाच्या अंगावरची प्रत्येक जखम उघडी केली. सकाळचा खरचटलेला गुडघा वाहिला, कोपर वाहिलं, सुईची भोकं वाहिली. पहार बसलेलं डोकं गप्प राहिलं असतं का? मी त्याच्या उशाशी होते. डोक्याखाली उशी कोरडी होती." काशिनाथ सुटला. कोयत्याच्या वाराबद्दल आणि लॅबच्या मोडतोडीबद्दल बळीराम आत गेला. जमीन मात्र शेवटी बिल्डरनेच घेतली, दोघा भावांकडून. आता तिथे टॉवर उभे राहताहेत.

तिने कुणाला माफबिफ केलं नाही. तो शब्दच तिला आवडायचा नाही. पण धर्माशेटला पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या, आणि त्यावर दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. तो नलूकडेच यायचा. आधी जनाबाई आणायची. ती गेल्यावर, तुरुंगातून सुटलेला बळीराम आणायला लागला. पहिल्या दिवशी नलूने त्याला दारातच अडवलं. "तो आत येईल. तू उंबऱ्याबाहेर. मी बोलावीन तेव्हाच आत." मग ती धर्माशेटचं रक्त काढायची, कापूस स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरायची, कारण अशा रक्ताला थांबायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दोघं खच्चून भांडायची. तो वांगं-सुकट खातो, गोळी चुकवतो, यावरून. तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. माझ्या देखत तिने एकदा त्याला "अरे राक्षसा" म्हटलं होतं, आणि तो आपलं अर्धं तोंड हलवून हसला होता.

लॅब आता तिची विद्यार्थिनी चालवते. मागच्या आठवड्यात तिला काही कागद द्यायला मी सकाळी तिथे गेलेलो. धर्माशेटचा तपासणीचा दिवस होता. तो खुर्चीत बसला, शर्टाची बाही वर केली आणि नेहमीच्या दिशेला मान वळवून बघितलं. तिथे कुणी नव्हतं. त्या मुलीने रक्त काढलं, कापूस ठेवला आणि नळी घेऊन आत गेली. मी पुढे होऊन कापूस धरला. बळीराम बाहेरच उभा होता, उन्हात. आता केस पांढरे झालेत त्याचे. मी म्हटलं, "ये रे आत, बस." त्याने मान हलवली. "नाय डाक्टर. बाईंनी कुठं बोलावला?"

कापूस लाल होत होता. धर्माशेट बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग शब्द जुळवत जुळवत, रागावल्यासारखा म्हणाला, "जोरात... दाबा, डाक्टर. बाय... जोरात दाबायची."

मी जोरात दाबलं. रक्त थांबायला बराच वेळ लागला.